‘वी’ कन्सोल आणि कमी खर्चाचे खेळ : बाहेरच्या कंपन्यांचा हिशेब

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘वी’ हा गेम कन्सोल १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेच्या बाजारात आला. किंमत २५० डॉलर, आणि ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळ त्याच खोक्यात सोबत दिलेला. दोनच दिवस आधी सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ तेथे विक्रीस आला होता. त्याच्या दोन प्रकारांच्या किमती ५०० आणि ६०० डॉलर होत्या. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स ३६०’ वर्षभर आधीच दुकानांत पोहोचला होता. या तिघांत ‘वी’ तांत्रिकदृष्ट्या सर्वांत दुबळा होता आणि खपात तोच पुढे गेला. त्याचे एकूण १० कोटी १६ लाख नग विकले गेले. प्लेस्टेशन ३ सुमारे पावणेनऊ कोटींवर आणि एक्सबॉक्स ३६० साडेआठ कोटींच्या आसपास थांबला.

जेथे गिऱ्हाईक अधिक तेथे चांगला माल अधिक जावा, हा व्यापाराचा साधा न्याय. येथे घडले उलटे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’, ‘मास इफेक्ट’, ‘असॅसिन्स क्रीड’, ‘बायोशॉक’, ‘रेड डेड रिडेम्प्शन’ या खेळांनी त्या पिढीला ओळख दिली. पण यांपैकी एकही ‘वी’वर आला नाही. ‘वी’च्या वाट्याला आले ते पार्टीचे खेळ, जत्रेतील नेमबाजीचे खेळ, चित्रपटांच्या नावावर घाईने उरकलेले खेळ आणि जुन्या खेळांच्या सुधारून काढलेल्या आवृत्त्या. निन्टेन्डोने स्वतः केलेले खेळ मात्र उत्तम होते आणि विक्रमी संख्येने विकले जात होते. मग बाहेरच्या कंपन्यांनीच हात आखडता का घेतला? केवळ आळस किंवा अनास्था हे त्याचे उत्तर नव्हे. त्यामागे यंत्राची रचना, परवान्याची पद्धत, गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि खेळ तयार व्हायला लागणारा काळ अशा अनेक गोष्टींचा हिशेब आहे.

परवान्याचा धंदा

कन्सोल विकणारी कंपनी आणि त्यावर चालणारा खेळ बनवणारी कंपनी एकच असेल तर त्या खेळाला ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. बाहेरच्या कंपनीने परवाना घेऊन बनवला तर ‘थर्ड पार्टी’. हा दुसरा वर्ग जन्माला आला तो भांडणातून. १९७९ साली अटारी कंपनीतील चार प्रोग्रॅमर बाहेर पडले. आपण लिहिलेल्या खेळांवर कंपनी लाखो डॉलर कमावते, पण आपले साधे नावही छापत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी उभारलेली ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही पहिली थर्ड पार्टी कंपनी मानली जाते. तिचे यश पाहून अटारी २६०० या यंत्रासाठी कोणीही उठून खेळ काढू लागला आणि दुकाने निकृष्ट मालाने भरून गेली. अटारीने स्वतःही कमी केले नाही. १९८२ च्या नाताळासाठी ‘ई. टी.’ चित्रपटावरचा खेळ एका प्रोग्रॅमरकडून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला गेला. न खपलेली कार्ट्रिज पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरली गेली. २०१४ साली उत्खनन झाले तेव्हा ती खरोखरच तेथे सापडली. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला.

निन्टेन्डोने या घटनेतून कडक धडा घेतला. आपल्या ‘एनईएस’ या यंत्रात तिने एक कुलूप-चिप बसवली. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर खेळ सुरूच होत नसे. कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, त्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि एका प्रकाशकाने अमेरिकेत वर्षाला पाचच खेळ काढायचे, असे नियम होते. कोनामीसारख्या कंपनीने ‘अल्ट्रा’ नावाची दुसरी पाटी लावून या मर्यादेतून वाट काढली. वर्षाला पाचच खेळ काढता येतात म्हटल्यावर प्रत्येक खेळ जपून निवडावा लागे. या जाचक नियमाचा एवढा फायदा नाकारता येत नाही.

‘वी’च्या काळापर्यंत ही मर्यादा इतिहासजमा झाली होती. निन्टेन्डोची तपासणी चालूच होती. पण ती यंत्र अडकते का, संदेश नीट दिसतात का, साठवलेला खेळ पुन्हा उघडतो का, अशा तांत्रिक बाबींची. खेळ चांगला आहे की वाईट, हा प्रश्न त्या तपासणीत नव्हता. खोक्यावरच्या सोनेरी शिक्क्यातून ‘क्वालिटी’ हा शब्द २००३ पासून वगळण्यात आला होता, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

दुबळे यंत्र, आणि तेही जाणून-बुजून

‘वी’चा दुबळेपणा अपघाती नव्हता. निन्टेन्डोचा आधीचा ‘गेमक्यूब’ हा कन्सोल ताकदीने प्लेस्टेशन २ पेक्षा कमी नव्हता. तरी तो अवघा २ कोटी १७ लाख विकला गेला आणि प्लेस्टेशन २ ने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. केवळ चित्र अधिक सुंदर करून ही शर्यत जिंकता येणार नाही, असा निष्कर्ष अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काढला. खेळ बनवण्याचा वाढता खर्च उद्योगालाच खाऊन टाकील, असा इशाराही ते देत असत. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग धरला. यंत्र स्वस्त ठेवायचे, आणि जे कधी खेळत नाहीत त्यांना हात हलवून टेनिस आणि बोलिंग खेळायला लावायचे. हा डाव फळला. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत ‘वी’वर बोलिंगचे सामने रंगू लागले.

अंतरंगात मात्र ‘वी’ हा गेमक्यूबचाच थोरला भाऊ होता. आयबीएमने बनवलेला ७२९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर जुन्याच घराण्यातला. स्मृती ८८ मेगाबाइट, तर स्पर्धकांकडे प्रत्येकी ५१२ मेगाबाइट. पडद्यावरचे चित्र ६४० गुणिले ४८० बिंदूंचे. स्पर्धकांचे चित्र १२८० गुणिले ७२० बिंदूंपासून सुरू होई, म्हणजे बिंदू तिप्पट. पृष्ठभागावर प्रकाश, ओल, गंज, घाम दाखवण्यासाठी विकासक ज्या लहान प्रोग्रॅमचा आधार घेतात त्यांना ‘शेडर’ म्हणतात. नव्या शैलीचे शेडर ‘वी’च्या चित्र-चिपवर चालतच नसत.

अंदाजपत्रकाच्या प्रश्नाची पहिली गाठ येथे आहे. खेळाचा खर्च मुख्यतः माणसांच्या पगाराचा असतो, आणि माणसे किती लागणार हे यंत्र काय दाखवू शकते यावर ठरते. प्लेस्टेशन ३ वर सैनिकाच्या चेहऱ्यावरची सुरकुती दिसते, म्हणून ती कोणीतरी कोरावी लागते. रस्त्यावरचा प्रत्येक दगड, प्रत्येक पाटी, प्रत्येक काच जवळून पाहिली तरी टिकेल अशी करावी लागते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’चा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे २००८ मध्ये सांगितले गेले. ‘वी’वर तो दगड दिसणारच नाही, मग तो घडवणारा कलाकारही लागत नाही. शिवाय गेमक्यूबसाठी तयार झालेली साधने थोड्या बदलाने ‘वी’लाही चालत, त्यामुळे नव्या पायाभरणीचा खर्च वाचे. कमी खर्चात खेळ काढता येणे हे ‘वी’चे आमिष होते. प्रकाशक सुरुवातीला त्यानेच आकर्षित झाले. जपानच्या कॅपकॉमने ‘मॉन्स्टर हंटर ३’ हा आपला हुकमी खेळ प्लेस्टेशन ३ साठी जाहीर केला होता. तो २००७ मध्ये ‘वी’कडे वळवला आणि प्लेस्टेशन ३ वरील वाढता खर्च हे त्याचे कारण उघड सांगितले.

कमी खर्च शक्य होता, एवढे यावरून समजते. पण मोठा खर्च करण्याचे धाडस कोणी का केले नाही, याचे कारण निराळे आहे.

एका पंक्तीतून बाहेर

एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि संगणक ही तीन यंत्रे आतून निराळी असली तरी साधारण एकाच कुवतीची होती. एक खेळ बनवायचा आणि तिन्हींवर विकायचा, हे गणित जमत असे. एपिक कंपनीचे ‘अनरिअल इंजिन ३’ हे तयार साधन त्यासाठीच प्रसिद्ध झाले. ‘गिअर्स ऑफ वॉर’, ‘मास इफेक्ट’, ‘बॅटमन : अर्खम असायलम’ हे सारे त्यावर उभे राहिले. ते ‘वी’साठी उपलब्ध नव्हते.

त्यामुळे प्रकाशकासमोरचा प्रश्न ‘दहा कोटी लोकांसाठी खेळ करायचा का’ असा कधी नव्हताच. तीन यंत्रांचे गिऱ्हाईक एका खर्चात मिळते. चौथ्यासाठी संपूर्ण वेगळा खेळ, वेगळी तुकडी, वेगळा खर्च करायचा का, असा तो होता. अनेकांनी त्यावर मधला मार्ग काढला. मुख्य तुकडीने तीन यंत्रांसाठी मोठा खेळ करायचा आणि ‘वी’ची आवृत्ती बाहेरच्या लहान स्टुडिओकडे सोपवायची. त्यातही ती प्लेस्टेशन २ च्या आवृत्तीशी जोडून द्यायची, कारण त्या जुन्या यंत्राचा खप अजून चालू होता आणि दोघांची कुवत जवळपास होती. २००८ चा ‘स्टार वॉर्स : द फोर्स अनलीश्ड’ मोठ्या यंत्रांसाठी लुकासआर्ट्सने केला, ‘वी’ आणि प्लेस्टेशन २ ची आवृत्ती ऑस्ट्रेलियातील क्रोम स्टुडिओजने. २००९ चा ‘घोस्टबस्टर्स’ही असाच दुभंगला. मोठ्या यंत्रांवर माणसे खरीखुरी वाटत, तर ‘वी’च्या आवृत्तीत रेड फ्लाय या टेक्सासमधील लहान स्टुडिओने त्यांना व्यंगचित्रांसारखे रूप दिले. हा निर्णय शहाणपणाचा होता, आणि ती आवृत्ती काहींना मूळ खेळापेक्षाही अधिक भावली. सर्वांना हे शहाणपण सुचले नाही. ‘डेड रायझिंग’ या एक्सबॉक्सवरील खेळाचा सगळा दरारा एका मॉलमध्ये एकाच वेळी फिरणाऱ्या शेकडो मृतात्म्यांत होता. २००९ मध्ये तो ‘वी’वर आला तेव्हा यंत्राला पेलतील एवढेच, म्हणजे कितीतरी कमी मृतात्मे उरले. गर्दीवर उभ्या असलेल्या खेळातून गर्दीच काढून घेतल्यावर विकत घेण्यासारखे काय राहिले, हा प्रश्न गिऱ्हाइकाने रास्तपणे विचारला.

उशीर आणि चाचणी

चांगला खेळ तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. २००६-०७ मध्ये दुकानांत येणाऱ्या खेळांचे निर्णय २००४-०५ मध्ये झालेले होते, आणि तेव्हा प्रकाशकांच्या डोळ्यांसमोर गेमक्यूबचे अपयश होते. निन्टेन्डोचे यंत्र तिसऱ्या क्रमांकावर राहील, अशा समजुतीने त्यांनी आपली उत्तम माणसे अन्यत्र लावली. ‘वी’साठी दुकानांबाहेर रांगा लागल्या तेव्हा हाताशी काहीच नव्हते. सहा-आठ महिन्यांत जे होऊ शकेल ते करून पाठवण्यात आले. बाजारात पहिला लोंढा आला तो या घाईच्या मालाचा.

पुढे ‘चाचणी’ची पद्धत पडली. ‘वी’च्या गिऱ्हाइकाला गंभीर खेळ हवे आहेत का, हे आधी लहान खर्चाने तपासायचे आणि प्रतिसाद मिळाला तर मोठा खर्च करायचा. कॅपकॉमने ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ हा २००५ चा खेळ २००७ मध्ये ‘वी’वर स्वस्तात आणला आणि तो उत्तम खपला. बक्षीस म्हणून ‘वी’ला पाचवा भाग मिळाला का? नाही. ‘अम्ब्रेला क्रॉनिकल्स’ हा उपखेळ मिळाला, ज्यात पात्र आपोआप चालत राहते आणि खेळणाऱ्याने फक्त नेम धरायचा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००९ मध्ये हाच मार्ग धरला. ‘डेड स्पेस’ हा तिचा गाजलेला भयखेळ इतर यंत्रांवर होता; ‘वी’साठी ‘डेड स्पेस : एक्स्ट्रॅक्शन’ हा पुन्हा नेमबाजीचाच धागा आला. समीक्षकांनी त्याचे कौतुक केले, विक्री मात्र अगदीच थोडी झाली. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ २००७ मध्ये इतरत्र आला. ‘वी’वर तो नोव्हेंबर २००९ मध्ये पोहोचला, आणि तोही ज्या दिवशी इतर यंत्रांवर त्याचा पुढचा भाग आला नेमक्या त्याच दिवशी.

या चाचण्यांत एक मूळ दोष होता. पाहुण्याला आधी शिळे वाढायचे, त्याने हात आखडला की ‘याला भूकच नाही’ म्हणायचे, असा तो प्रकार. आवडीच्या मालिकेचा खरा पुढचा भाग हवा असलेला गिऱ्हाईक एव्हाना दुसरे यंत्र घेऊन मोकळा झालेला असे. मागे उरलेल्यांच्या थंड प्रतिसादावरून पुढच्या अंदाजपत्रकाला कात्री लागे, आणि कात्री लागलेला खेळ आणखी कमी खपे. तरी प्रकाशकांना पूर्ण दोष देता येत नाही. ‘मॅडवर्ल्ड’ हा प्लॅटिनम गेम्सचा काळा-पांढरा, रक्तरंजित खेळ खास ‘वी’साठीच घडवलेला होता, त्यालाही गिऱ्हाईक लाभले नाही. कॅपकॉमचा ‘झॅक अँड विकी’ बुद्धीला चालना देणारा, गोड, चोख बांधणीचा. स्तुती भरपूर झाली, खप त्या मानाने तोकडा राहिला.

गिऱ्हाईक कोण होते?

‘वी’वरील सर्व खेळांच्या मिळून ९२ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यांत ‘वी स्पोर्ट्स’ एकट्याच्या ८ कोटी २९ लाख. ‘मारिओ कार्ट वी’, ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’, ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’, ‘वी प्ले’, ‘वी फिट’ आणि ‘वी फिट प्लस’ हे सहा खेळ त्यात मिळवले तर बेरीज २५ कोटींच्या वर जाते. म्हणजे शेकडो खेळांच्या बाजारात निन्टेन्डोच्या सात खेळांनी चौथ्या हिश्श्याहून अधिक जागा व्यापली. यांतील काही यंत्रासोबत किंवा रिमोटसोबत मिळत, हे खरे. पण बाहेरच्या कंपनीच्या दृष्टीने फरक काय पडतो? घरमालकच उत्तम खानावळ चालवत असताना त्याच्या ओसरीवर दुसरी खानावळ थाटण्यासारखे ते होते.

उरलेला बाजार नव्या गिऱ्हाइकांचा होता. ही मंडळी गेमची मासिके वाचत नसत, समीक्षेतले गुण पाहत नसत. नातवाच्या वाढदिवसाला दुकानात जाणारी आजी खोक्यावरचे चित्र आणि किंमत पाहते. चित्रावर हसरी माणसे हातात रिमोट धरून नाचत असली आणि किंमत वीस-तीस डॉलर असली की खरेदी पक्की. ‘कार्निव्हल गेम्स’, ‘गेम पार्टी’, ‘डेका स्पोर्ट्स’ ही नावेच पाहा. आत काय आहे हे सांगण्यापलीकडे त्यांना काही करायचे नाही. ‘कार्निव्हल गेम्स’च्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. असा खेळ मोठ्या खर्चाने केला असता तर किती जास्त खपला असता? फारसा नाही, असे उत्तर प्रकाशकांच्या हिशेबात येत होते. गुणवत्ता वाढवल्याने विक्री वाढत नाही असे एकदा दिसले की गुणवत्तेवरचा खर्च हा निव्वळ तोटा ठरतो.

या तर्काच्या टोकाला ‘शॉव्हलवेअर’ उभे होते. शॉव्हल म्हणजे फावडे; फावड्याने ओढून टाकावा तसा माल. ब्रिटनच्या डेटा डिझाइन इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीचे ‘निंजाब्रेड मॅन’, ‘अनुबिस २’, ‘रॉक ’एन’ रोल अ‍ॅडव्हेंचर्स’ हे खेळ आजही उदाहरण म्हणून सांगितले जातात. एकात निंजाच्या वेशातील बिस्किट-मानव, दुसऱ्यात इजिप्तची देवता, तिसऱ्यात गिटारवाला. वाटा, उड्या, वस्तूंची मांडणी मात्र जवळजवळ तीच. सांगाडा एक, कपडे निराळे. अशा खेळाला खर्चच इतका कमी की थोड्या हजार प्रती गेल्या तरी पुरे. त्याची किंमत मोजली ती वाढदिवसाला असे खोके उघडणाऱ्या मुलांनी, आणि त्याच फडताळावर शेजारी ठेवलेल्या प्रामाणिक खेळांनी.

कमी खर्च, चांगला खेळ

तरीही कमी अंदाजपत्रक म्हणजे वाईट खेळ, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. ‘वी’वरचे बाहेरच्या कंपनीचे सर्वांत टिकाऊ यश कमी खर्चातूनच आले. युबिसॉफ्टच्या पॅरिस स्टुडिओने २००८ च्या ‘रेमन रेव्हिंग रॅबिड्स टीव्ही पार्टी’ या खेळात नाचण्याचा एक छोटा भाग ठेवला होता. त्यातून २००९ मध्ये ‘जस्ट डान्स’ हा स्वतंत्र खेळ निघाला. त्यात कथा नाही, जग नाही. पडद्यावर एक रंगीत आकृती नाचते, तिच्याकडे पाहून नाचायचे. उजव्या हातातला रिमोट तेवढाच तपासला जातो. समीक्षकांनी नाके मुरडली. घराघरांतील दिवाणखाने मात्र भरले, आणि पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागाने काही महिन्यांत ५० लाखांचा आकडा ओलांडला. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ विकत घेतला होता. पुढील वर्षांत ‘जस्ट डान्स’ मालिकेच्या कामात पुण्याचाही वाटा राहिला. निन्टेन्डोने ‘वी’चे उत्पादन २०१३ च्या सुमारास गुंडाळले, तरी ‘जस्ट डान्स’ दर वर्षी ‘वी’वर येतच राहिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेला ‘जस्ट डान्स २०२०’ हा त्या यंत्रावरचा या मालिकेतील अखेरचा खेळ ठरला.

डाऊनलोड करून घ्यायच्या लहान खेळांसाठी निन्टेन्डोने २००८ मध्ये ‘वीवेअर’ सुरू केले. तेथे ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा दोघा मित्रांच्या ‘टू-डी बॉय’ स्टुडिओचा खेळ चमकला. पण एका खेळाला ४० मेगाबाइटची मर्यादा होती. ‘सुपर मीट बॉय’ हा खेळ त्या मर्यादेत बसेना, म्हणून त्याची वीवेअर आवृत्ती शेवटी रद्द झाली. लहान खर्चाच्या प्रामाणिक विकासकांना स्वतःचे दालन मिळाले, पण दार इतके ठेंगणे की वाकूनच आत शिरावे लागे.

भारतातील एक प्रयोग

हाच हिशेब भारतात दुसऱ्या यंत्राच्या बाबतीत मांडला गेला. प्लेस्टेशन ३ येथील बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर होता. २००० सालचा प्लेस्टेशन २ मात्र स्वस्त झाला होता आणि बऱ्यापैकी पसरला होता. सोनीने त्यासाठी भारतीय विषयांवरचे खेळ काढायचे ठरवले. २००९ मध्ये आलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवला. कन्सोलसाठी संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला खेळ म्हणून तो ओळखला जातो. कबड्डी, विटीदांडू, पतंग यांना पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ही त्याच सुमाराचा. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा गल्ली क्रिकेटवरचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० मध्ये आला. परदेशी समीक्षकांना ‘हनुमान’ फार कच्चा वाटला, आणि खेळ म्हणून तो कच्चा होताही. मात्र नऊ वर्षे जुन्या यंत्रावर, पहिल्यांदाच कन्सोलचा खेळ करणाऱ्या तुकडीने, अल्प पैशांत केलेले ते काम होते. महागड्या नव्या यंत्रावर ही संधी त्यांना कोणी दिली नसती.

‘वी’नंतर

स्वस्त खेळांचे गिऱ्हाईक ‘वी’कडे कायम राहिले नाही. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले. विरंगुळ्यासाठी खेळणाऱ्यांना हातातल्या फोनवर एक-दोन डॉलरमध्ये, पुढे फुकटही, खेळ मिळू लागले. वीस डॉलरची डिस्क कोण घेणार? २०१२ मध्ये आलेल्या ‘वी यू’ या वारसदाराला ना जुने गिऱ्हाईक मिळाले ना नवे. तो अवघा १ कोटी ३५ लाख विकला गेला. येथे खपच नव्हता, त्यामुळे कमी खर्चामागचे कारणही साधे होते. तरी जुन्या सवयी दिसल्याच. ‘मास इफेक्ट’ मालिकेचे तिन्ही भाग इतर यंत्रांवर ६० डॉलरला एकत्र मिळत असताना त्याच महिन्यात ‘वी यू’वर एकटा तिसरा भाग त्याच किमतीला ठेवण्यात आला. ज्यांनी पहिले दोन भाग खेळलेच नाहीत त्यांना कथेचा शेवट विकण्याचा हा उद्योग होता. युबिसॉफ्टने ‘रेमन लेजेंड्स’ खास ‘वी यू’साठी तयार केला आणि प्रकाशनाला काही आठवडे उरले असताना, फेब्रुवारी २०१३ मध्ये, इतर यंत्रांवरही एकाच वेळी आणता यावा म्हणून सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला.

२०१७ चा ‘स्विच’ही स्पर्धकांपेक्षा दुबळाच होता: स्मृती ४ गिगाबाइट, प्लेस्टेशन ४ ची निम्मी. पण या वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. युनिटी आणि अनरिअल इंजिन ४ ही प्रचलित साधने सुरुवातीपासून त्यावर चालत होती. शिवाय नवे यंत्र जुन्या घराण्यातले नव्हते; मोबाइलच्या जगातल्या चिपवर ते उभे होते. मोठा खेळ कमी तपशिलात उतरवणे कष्टाचे राहिले, तरी संपूर्ण वेगळा खेळ करण्याची गरज संपली. ‘द विचर ३’सारखा विस्तीर्ण खेळ ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२ गिगाबाइटच्या कार्डात बसवून स्विचवर आला. चित्र धूसर, पण खेळ पूर्ण.

सगळ्यांनीच ही मेहनत घेतली असे नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१९ पासून स्विचवर ‘फिफा’च्या ‘लेगसी एडिशन’ विकल्या. संघ, खेळाडू आणि पोशाख नव्या हंगामाचे, आत खेळ जुनाच. ‘फिफा २०’पासून ‘फिफा २३’पर्यंत हे चालले. इतर यंत्रांवर वापरले जाणारे कंपनीचे ‘फ्रॉस्टबाइट’ इंजिन स्विचवर पहिल्यांदा आले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’सोबत. तोपर्यंत जगभर बारा कोटींहून अधिक स्विच विकले गेले होते.